अस्वलाचा सिनेमा आणि गंगीची सोयरीक

गंगीला पाहायला मुकुटबनकडचे पाहुणे यायचे होते आणि नेमकी आदल्या संध्याकाळी राळेगावजवळच्या त्यांच्या तांड्यावर सरकारी सिनेमाची गाडी आली. हलत्या चित्रांचा छोटासाच सिनेमा. एक अस्वल हत्तीच्या घरी मेजवानीला जातं, कोपरापर्यंत हात बुडवून भुरके मारतं आणि असा ढेकर देतं की टेबलावरच्या ताटल्या उडतात. बाकीचे प्राणी उठून चालते होतात. शेवटी अस्वल चमच्यानं, तोंड मिटून, थोडं थोडं खायला शिकतं.

तांडा पोट धरून हसला. गंगीचा बाप भावसिंग तेवढा हसला नाही. त्याच्या भुरक्यानं शेजारची कुत्री जागी होत. अस्वलात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं.

"उद्या पाहुण्याइसमोर आवाज करायचा नाई. मागून घ्यायचं नाई. आग्रह तर बिलकूल नाई," त्यानं घरी येऊन बायकोला बजावलं.

"मंग जेवाले कायले बसवता त्याइले? हार घाला अन् धाडून द्या," मोतीबाई म्हणाली.

सकाळी भावसिंगानं राळेगावच्या नजीरभाईच्या हॉटेलातून चमचे मागून आणले. चहा ढवळायचेच होते, पण चमचे होते.

पाहुणे जेवायला बसले. मुलाचा बाप उत्तमसिंग चमचा पाहून गडबडेल, असं भावसिंगाला वाटलं होतं. त्यानं तर जन्मभर चमच्यानंच खाल्ल्यासारखा तो उचलला. मुलगा रामसिंगही मान खाली घालून, मुंगीला भरवावा एवढाच घास घेत होता. दाराच्या फटीतून गंगी पाहत होती.

"याडी, मले पसंत हाय," ती आईच्या कानाशी लागली.

तेवढ्यात उत्तमसिंगानं चमचा खाली ठेवला. "बस झालं."

आग्रह करायचा नाही म्हटल्यावर भावसिंग काय बोलणार? नळीच्या हाडाकडे शेवटचं पाहून त्यानंही थाळी सारली. मटणाचं भगोनं भरलेलं तसंच होतं.

"येतो मंग. मोटरची वेळ झाली," म्हणत उत्तमसिंग उठला. मुलीबद्दल चकार शब्द नाही.

भावसिंग हात जोडून निरोप द्यायला उठला. मोतीबाई मात्र पदर खोचून दारातच उभी राहिली.

"काहून जी? पोरगी वाईट का मटण वाईट? सांगून जा!"

"वाईट काहीच नाई, बाई," उत्तमसिंग ओशाळला. "पण तुमचं घर पडलं सायबी. आमच्या घरी सारे अस्वलावानी खातात. तुमची पोर कशी नांदीन?"

"अस्वल?" भावसिंग ओरडला. "तुमीबी पाह्यलं?"

"मुकुटबनच्या बाजारात! घरून पोराले शिकवत आणलं. माहा तर जबडा दुखून राह्यला."

मग उत्तमसिंग पुन्हा मांडी घालून बसला, चमचा बाजूला फेकला आणि मोतीबाईला विहीणच करून टाकत म्हणाला, "वाढा, याहीणबाई!"

त्यानंतर जे भुरके सुरू झाले, त्यांनी शेजारीपाजारी दारात गोळा झाले. नळ्या फुटल्या, भाकरी कुस्करल्या गेल्या, सुपारी फोडायचं ठरलं. भगोन्याचा तळ दिसला तेव्हा रामसिंगानं असा ढेकर दिला की भावसिंगानं कौतुकानं जावयाची पाठ थोपटली.

आत गंगीनं आईचा पदर ओढला.

"याडी, मघा चमच्यानं जेवत होता तो कुठी गेला? मी त्याले हो म्हटलं होतं."