नारोपंतांचं रुंद भिंग

एका जंगलात, बालमित्रांनो, वीज नव्हती, पण सिनेमा होता. तो काजव्यांच्या उजेडावर चालायचा.

दरवर्षी उन्हाळ्याआधी सगळे प्राणी सिंहमहाराजांच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे राहत. दरबारी कॅमेरावाले नारोपंत उदमांजर चित्रण करत. मग गुहेत पडदा लागे. पडद्यावर दिसेल तो हजर. त्याला तळ्याचं पाणी. दिसणार नाही तो गैरहजर. त्याने उन्हाळाभर डोंगरापलीकडचा झरा गाठायचा.

रांग एकच असे, कारण दुसऱ्याच्या मागे उभं राहणं कुणालाच मान्य नव्हतं. नारोपंतांनी मागे सरकावं, तर मागे ओढा. त्यामुळे कडेची मंडळी दरवर्षी चित्रातून सुटत. कडेला कोण? ससे, खारी आणि नारोपंतांच्या पत्नी इंदूबाई.

"यंदा मी डोंगर चढणार नाही," इंदूबाईंनी बजावलं. "कॅमेरा घरचा, आणि मीच गैरहजर?"

नारोपंत कामाला लागले. मोडीत निघालेल्या एका तंबू-थिएटरातून त्यांनी एक काच पैदा केली. ही काच रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद फिल्मवर बसवते. दाखवताना तीच प्रोजेक्टरला लावली की दृश्य पुन्हा पसरतं. नारोपंतांनी ती कॅमेऱ्यापुढे लाखेने पक्की चिकटवली.

डोळा लावून पाहिलं, तरी कडेचे ससे सुटलेच. मग डाकबंगल्याच्या दारातलं, आतून पाहुणा न्याहाळायचं भिंग उचकटून त्यांनी काचेच्याही पुढे बसवलं.

"मावलं बघ सगळं जंगल!"

इंदूबाईंनी डोळा लावला. "कोपरे काळे दिसतात हो."

"उजेडात जाईल ते."

चित्रण झालं. गुहा भरली. प्रोजेक्टरपाशी आल्यावर नारोपंतांना आठवलं, की काच इथे लावायची आहे आणि ती तिथे चिकटली आहे. त्यांनी हातांनी ओढली. दातांनी ओढली. लाख पक्की होती.

"चालू द्या!" महाराज गरजले.

पडद्यावर सगळेच काठीसारखे उभट दिसले. हत्तीण बांबूच्या जातीची वाटू लागली. महाराजांच्या ज्या पोटाबद्दल बोलायला दहा वर्षं बंदी होती, ते तर नाहीसंच झालं. कोपरे मात्र ठार काळे.

नारोपंतांनी डोळे मिटून घेतले.

"वा!" महाराज म्हणाले. "आमचं खरं रूप टिपणारा कॅमेरा आज पाहिला."

"मी मुळात हाडानेच बारीक," हत्तीणबाई लाजल्या.

कारभारी कोल्ह्याने यादी उघडली. "ससे, गैरहजर. खारी, गैरहजर. इंदूबाई, गैरहजर."

इंदूबाई ताडकन उठल्या. "अहो, होते ना मी रांगेत! सांगा की, भिंगाचा दोष आहे म्हणून!"

महाराजांनी सावकाश मान वळवली. "दोष? आमच्या चित्रात दोष आहे, नारोपंत?"

नारोपंतांनी पडद्यावरच्या सडपातळ महाराजांकडे पाहिलं. मग इंदूबाईंकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"छे छे, महाराज. असतं तेच दिसतं."

त्यांना शेला मिळाला. 'सत्यदर्शी' हा किताब मिळाला. टाळ्या थांबेनात.

घरी येताच ते ऐटीत बसले. "इंदू, जरा पाणी आण गं."

इंदूबाईंनी दोन रिकाम्या घागरी पुढे ठेवल्या. "यातली एक तुमची. कॅमेऱ्यामागचा कधी चित्रात येतो का? उठा."

शेल्याची चुंबळ मात्र फार छान झाली.

तात्पर्य: भिंगात दोष आढळल्यास तो निर्भयपणे सांगावा. फक्त त्याआधी, त्या दोषात महाराज कसे दिसतात ते पाहून घ्यावं. बरे दिसत असल्यास दोष कोपऱ्यात उभं राहणाऱ्यांचा असतो.