माती काढलेलं घरटं

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. तळ्यावर वाकलेली एक बाभूळ होती. त्या बाभळीवर दरवर्षी सुगरण पक्षी घरटी टांगायचे.

नाव सुगरण, पण घरटं विणतो नर. अर्धं विणून झालं की मादी बघायला येते. आत बसते, गवत ओढून बघते. पसंत पडलं तर नर उरलेलं घर पूर्ण करतो आणि ती अंडी घालते. नाही पडलं तर ती शेजारच्याकडे जाते. आपल्याकडे मुलगी बघायला जातात ना, त्याच्या अगदी उलट.

त्या बाभळीवर पिवळोबा नावाचा एक नर होता. मागच्या वर्षी त्याचं घरटं कुणालाच पसंत पडलं नव्हतं. बिचाऱ्याने सगळा हंगाम दुसऱ्यांच्या बारशाच्या घुगऱ्या खाण्यात घालवला. या वर्षी त्याने जीव ओतून घरटं विणलं. तरी धीर होईना. त्याला वाटलं, घरट्याचा झकास फोटो काढून तळ्याकाठी लावावा. माद्या फोटो बघूनच धावत येतील.

म्हणून तो माझ्याकडे आला.

मी कावळा. या जंगलातला नावाजलेला क्रिएटिव्ह डायरेक्टर. म्हणजे काय, ते मलाही नीट सांगता येत नाही. मी मान तिरकी करून बघतो एवढंच. पण मान तिरकी करून बघणाऱ्याला लोक विचारतात, "काय वाटतं तुम्हाला?" तिथून धंदा सुरू झाला.

माझं स्वतःचं घर काटक्यांचं आणि तारेच्या तुकड्यांचं आहे. त्याचा फोटो कुणी काढत नाही. असू दे. आपण दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलत होतो.

मी टीम जमवली. फोटोग्राफर म्हणून बगळा, कारण काहीही न करता एका पायावर उभं राहायची त्याची हातोटी मोठी. सजावटीला खार. तिला एका जागी बसवत नाही, त्यामुळे काम चाललंय असं वाटतं.

पहिली मीटिंग झाली. मी केळीच्या पानावर पिसं, पाकळ्या आणि एक शंख चिकटवून आणला.

"हे काय?" पिवळोबाने विचारलं.

"मूडबोर्ड. फोटोचा भाव कसा हवा, त्याचा नमुना," मी म्हणालो.

"यात शंख कशाला?"

"शांततेसाठी."

पिवळोबाने मान डोलावली. पुढचा प्रश्न यायच्या आत मी मीटिंग संपवली.

मग आम्ही सगळे घरटं बघायला गेलो. घरटं खरंच सुंदर होतं. मी मान डावीकडे तिरकी केली. मग उजवीकडे केली. काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर मला बोलावलं कशाला?

घरट्याच्या आत ओल्या मातीचे गोळे थापलेले होते. अर्धं घर उघडंच असल्यामुळे ते बाहेरून दिसत होते.

"हे डाग काढा," मी म्हणालो.

"डाग नाहीत मालक, माती आहे," पिवळोबा म्हणाला. "आमचे वाडवडील लावत आलेत. म्हणजे वारा आला की..."

"पिवळोबा, आपली थीम काय? साधेपणा. साधेपणात माती कुठे बसते?"

"फ्रेममध्ये घाण दिसते," बगळा डोळे मिटून म्हणाला.

पिवळोबाने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. त्याला माती कशासाठी असते ते चांगलं ठाऊक होतं. पण एवढी मोठी मंडळी सांगतात म्हणजे काहीतरी असेल, असं त्याला वाटलं. बाळांनो, आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

खारीने दातांनी माती खरवडून काढली. तिथे पाकळ्या खोचल्या.

मग आम्ही उजेडाची वाट बघत बसलो. सकाळी बगळा म्हणाला, ऊन कोवळं आहे. दुपारी म्हणाला, कडक आहे. संध्याकाळी म्हणाला, होतं तेव्हा छान होतं. असे दिवस गेले. शेजारचा खंडू नावाचा नर तेवढ्यात एक वाकडंतिकडं घरटं विणून, माती थापून मोकळाही झाला.

आणि एका दुपारी चिमाबाई आली. हंगामातली शेवटची मादी.

ती थेट पिवळोबाच्या घरट्यात शिरली. पिवळोबा फांदीवर पंख फडफडवत नाचू लागला. मी वरच्या फांदीवरून बघत होतो. आतून आवाज आला, "विणलंय मात्र छान हो!"

तेवढ्यात वारा सुटला. हलकं झालेलं घरटं उडालं, आडवं झालं, गरगर फिरलं. पाकळ्या तळ्यावर सांडल्या.

"आता!" बगळा ओरडला, आणि त्याने फोटो काढला.

चिमाबाई धडपडत बाहेर आली. "अहो, माती कुठाय? घराला वजन नको? यात अंडी घालायची की उधळायची?"

पिवळोबाने माझ्याकडे बघितलं.

"माती थीममध्ये बसत नव्हती," मी म्हणालो.

"मग तुम्हीच घाला अंडी," असं म्हणून चिमाबाई खंडूच्या घरट्यात गेली. ती बाहेर आलीच नाही.

फोटो मात्र अप्रतिम आला. आडवं उडणारं घरटं, खाली पाकळ्या. आम्ही तो तळ्याकाठी लावला. सगळं जंगल लोटलं. बगळ्याचा सत्कार झाला, माझं भाषण झालं. पुढे चिमाबाईही पिल्लांना घेऊन आली.

"बघा रे, किती सुंदर घर!" ती म्हणाली.

"माझं आहे ते," मागून पिवळोबा हळूच म्हणाला.

एका पिल्लाने वळून विचारलं, "काका, मग तुम्ही राहता कुठे?"

"फांदीवर," पिवळोबा म्हणाला.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तेवढ्यात कुणीतरी मला विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" आणि मी मान तिरकी केली.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "ऐकलंत का? आपला धाकटा आज 'कुहू' म्हणाला!"

मी मान तिरकी करून ऐकलं. काय तो गळा! आमच्या काटक्यांच्या घरात असं रत्न जन्माला यावं? शेवटी कला रक्तातच असावी लागते.

तात्पर्य : घरटं विणायच्या आधीच त्याचा फोटो काढून घ्यावा. नंतर त्यात कुणीतरी राहायला येतं, आणि मग माती लावावी लागते.