कठड्यावरचं कपाट

जोखीम नेमकी कुठे संपते, हे मी तुम्हाला बोट ठेवून दाखवू शकतो. चारचौघांत असं छातीठोक सांगणारा माणूस तुम्हाला सहज भेटणार नाही. बहुतेकांना ती सुरू कुठे होते हेही कळत नाही. ते बिनदिक्कत सासुरवाडीला जातात.

मी अभ्यास केलाय. बेचाळिसाव्या वर्षी, संध्याकाळच्या वर्गांना बसून, आंतरराष्ट्रीय व्यापार, पदव्युत्तर. दिवसभर ऑफिसात जावक टपालावर शिक्के मारायचे आणि सहा वाजता वर्गात जाऊन महासागर ओलांडायचे. जहाज मी अजून पाहिलेलं नाही. पण त्यात माल चढवताना कोण कशाला जबाबदार, हे मला झोपेतून उठवून विचारा. बायकोने एकदा विचारलं होतं. तिला दूध उतू कोणामुळे गेलं एवढंच हवं होतं.

सगळे लेखी पेपर सुटले होते. राहिलं होतं प्रात्यक्षिक. दोन खऱ्या माणसांत एक खरा व्यवहार घडवून आणायचा, त्याचा करार लिहायचा आणि माल एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात पोचवायचा. बाहेरच्या परीक्षक येऊन ते डोळ्यांनी बघणार आणि तिथेच तोंडी परीक्षा घेणार. मी यात दोनदा नापास झालो होतो. पहिल्या वेळी माल पोचला, कागद पोचले नाहीत. दुसऱ्या वेळी कागद पोचले. ही तिसरी आणि शेवटची संधी होती. ती गेली की नोंदणी रद्द, आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. इकडे साहेबांनी निर्यात विभागातली एक खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. पण रिकामी खुर्ची किती दिवस टिकणार? तिच्यावर आत्ताच कोणीतरी जेवणाचा डबा ठेवायला लागलं होतं.

अशा वेळी सासूबाईंनी कपाट विकायला काढलं.

*करारनामा. कलम १. विकणारी: तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई. घेणारी: त्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या टेलरबाई. माल: एक लाकडी कपाट, आरशासह, डोक्यावर नक्षी, खाली चार पाय.*

खरं सांगायचं तर व्यवहार आधीच झाला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना सासूबाई म्हणाल्या होत्या, न्यायचंय तर न्या. टेलरबाई म्हणाल्या होत्या, नेते. गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे ठेवायला त्यांना कपाट हवंच होतं. दोघींनी भाव ठरवला, चिमटे गोळा केले आणि खाली आल्या.

तो व्यवहार मी हातात घेतला आणि अकरा पानांवर नेला.

*कलम ४. माल जिन्याचा कठडा ओलांडेपर्यंत जोखीम विकणारीची. कठडा ओलांडताच जोखीम घेणारीची.*

हे कलम म्हणजे माझा हिरा. समुद्री व्यापारात असंच असतं. क्रेनने उचललेला माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की विकणारा मोकळा. आमच्या आधीच्या तुकडीतल्या एका मुरलेल्या विद्यार्थ्याकडून मी वह्या घेतल्या होत्या. त्यांत हे लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं होतं. जहाज नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा लोखंडी कठडा धरला.

*कलम ५. मालाला इजा करणारा कोणताही निर्णय ज्याच्याकडे जोखीम आहे त्यानेच घ्यावा, इतर कोणीही नाही.*

हे वह्यांत नव्हतं. हे माझं स्वतःचं. परीक्षक खूश होतील असं वाटलं होतं.

बायकोने अकराही पानं वाचली आणि म्हणाली, “अहो, दोनच मजले उतरवायचंय.” मी तिला समजावलं की अंतराचा प्रश्न नसतो, तत्त्वाचा असतो. ती म्हणाली, कपाटाच्या रुंदीचा असतो. मी हसलो. त्या हसण्याचा उल्लेख आमच्या घरात आजही होतो.

ठरलेल्या दिवशी दुपारी तीन वाजता हमालांचा मुकादम चार माणसं घेऊन आला. मुकादम म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान पाहून शांत झालेला माणूस. त्याने कपाटाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, पुन्हा कपाटाकडे पाहिलं, आणि नक्षी आणि पाय आधी काढून घेऊ का विचारलं. मी त्याला कलम एक वाचून दाखवलं. नक्षीसह. पायांसह. माल जसाच्या तसा. तो म्हणाला, “बरं साहेब,” आणि त्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

चारला परीक्षक यायच्या होत्या. त्यांना घ्यायला बायको खाली थांबली. मी फाईल काखेत मारून सासूबाईंबरोबर वर थांबलो, कारण माल निघताना विकणाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं असतं.

तिसऱ्या मजल्यावरून कपाट राजासारखं निघालं. वळणावर जिना अरुंद. तिथे ते आडवं करून कठड्याच्या वरून फिरवावं लागणार होतं. फिरवलं. पुढचं अर्धं अंग कठड्याच्या पलीकडे, जिन्याच्या पोकळीवर गेलं. मग नक्षी वरच्या जिन्याच्या पोटाला लागली, पाय कठड्याच्या गजांत घुसले, आणि कर्र्र असा आवाज आला. त्यानंतर कसलाच आवाज आला नाही. हमालांनी एकेक करून हात काढले. कपाट पडलं नाही. हललंही नाही. जणू इमारत बांधताना गवंड्यांनी आधी ते कपाट टांगलं आणि मग भोवती जिना रचला.

वर मी, सासूबाई आणि दोन हमाल. खाली मुकादम, दोन हमाल आणि टेलरबाई. मध्ये…

————————————————
इथे कपाट आहे.
वाचकांनी कृपया अंग चोरून खाली यावे.
————————————————

आलात? इथून वरचं फारसं दिसत नाही, आवाज तेवढे येतात.

मुकादम म्हणाला, सोपं आहे. पुढचे दोन पाय चार बोटं कापले की सुटेल. फक्त कापू का, एवढं कोणीतरी सांगा.

कलम पाच.

सासूबाई वरून म्हणाल्या की कपाटाने कठडा ओलांडलाय, आता ते टेलरबाईंचं, त्यांना हवं तर कापोत नाहीतर तासोत. टेलरबाई खालून म्हणाल्या की अजून निम्मं तिकडेच आहे, तेव्हा ते तुमचं, आणि कापलेलं कपाट मी घेणार नाही. सासूबाई म्हणाल्या, आरसा तुमच्याकडे आलाय. टेलरबाई म्हणाल्या, कड्या तुमच्याकडे राहिल्यात. कालपर्यंत या दोघी एकमेकींच्या घरून विरजण न्यायच्या. आता एक “अहो विक्रेत्या” म्हणत होती आणि दुसरी “करार वाचा, करार”.

मुकादमाने मला विचारलं. मी फाईल उघडली. “ओलांडेपर्यंत” म्हणजे पुढचं टोक ओलांडेपर्यंत की मागचं, हे अकरा पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. सहाव्या पानावर धूळ कोणी पुसायची ते होतं.

इतक्यात चौथ्या मजल्यावरचे विमा एजंट काका खाली निघाले. त्यांना गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. कपाट पाहून ते थांबले, आणि गिऱ्हाईक इथेच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. पायरीवर बसून त्यांनी बॅग उघडली. कपाटाचा विमा आत्ता, इथल्या इथे उतरवता येईल म्हणाले. फक्त जोखीम कोणाच्या नावावर आहे ते सांगा, बाकी फॉर्म मी भरतो. मी पुन्हा फाईलची पानं उलटू लागलो. त्यांनी माझं वय विचारून घेतलं. कपाटाचं नाही, माझं.

बरोबर चार वाजता खालून बायकोचा आवाज आला. “अहो, बाई आल्यात.”

कपाट आणि पायरी यांच्यामध्ये वीतभर फट होती. मी पायरीवर पालथा झालो आणि डोळा लावला. मला परीक्षकबाईंच्या फक्त चपला दिसल्या. काळ्या, साध्या, एकदम स्थिर. त्या चपलांशी माझी तोंडी परीक्षा झाली.

आधी मी फटीतून फाईल सरकवली. बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत होता. चौथ्या कलमाशी तो थांबला.

“हा कठड्याचा नियम तुम्ही कुठून घेतलात?”

मी सांगितलं, वह्यांतून.

“वह्या जुन्या आहेत. नव्या नियमांत कठडा नाही. काढून टाकलाय. आता माल जहाजावर नीट ठेवला गेला की मगच जोखीम बदलते. कठडा का काढला असेल, सांगाल?”

मी पायरीवर गाल टेकून आठवू लागलो. मग मुकादमच बोलला.

“बाई, असं होतं म्हणून.”

“बरोबर,” परीक्षकबाई म्हणाल्या.

म्हणजे पहिला प्रश्न मुकादमाने सोडवला. खुर्चीवरचा डबा डोळ्यांसमोर आला. पहिल्या वर्षाचं पहिलं पुस्तक आलं. वर्गात माझ्या शेजारी बसणारी, माझ्या निम्म्या वयाची मंडळी आली. ती एव्हाना पदव्या घेऊन गेली होती आणि मला दिवाळखोर देशाकडे पाहावं तसं पाहायची.

“नियम राहू द्या,” चपला म्हणाल्या. “तुमचा करार तुम्ही लिहिलाय, तर त्याच्यापुरतं बोलू. शेवटचा प्रश्न. या क्षणी जोखीम कोणाची?”

विकणारीची म्हणावं, तर सासूबाई माझ्या पाठीमागे दोन पायऱ्यांवर उभ्या होत्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. घेणारीची म्हणावं, तर टेलरबाईंच्या शेजारी माझी बायको उभी होती, आणि तिची सगळी पोलकी टेलरबाईंकडे अर्धवट शिवून पडली होती. निम्मी-निम्मी म्हणावं, तर ते उत्तर मी दुसऱ्या वेळी दिलं होतं. त्यातच गेलो होतो.

कागदात उत्तर नव्हतं. मी फाईलशिवाय, स्वतःच्या डोक्याने, पहिल्यांदाच विचार केला. करार कोणी लिहिला? पाय काढू नका कोणी सांगितलं? चिमटे गोळा करून संपलेला व्यवहार इथे कोणी आणून टांगला?

“माझी,” मी म्हणालो.

चपला जराशा हलल्या. “पण तुम्ही या करारात पक्षच नाही.”

“बाई, विकणाऱ्या माझ्या सासूबाई आहेत.”

खाली कोणीतरी हसलं. ते परीक्षकबाईच हसल्या असं बायको शपथेवर सांगते. मला चपलांवरून कळलं नाही.

मुकादमाला मात्र पुढचं काही ऐकायचं नव्हतं. त्याने “माझी” एवढा शब्द ऐकला. तासभर तो फक्त एका जबाबदार माणसाची वाट पाहत होता. त्याने करवत काढली, पुढचे दोन पाय खर्रखर्र चार बोटं उतरवले, आणि कपाट दीर्घ श्वास सोडल्यासारखं सुटून हमालांच्या हातात आलं. पाच मिनिटांत ते पहिल्या मजल्यावर होतं. पुढे वाकून, अदबीने, पाहुण्यांना या बसा म्हणत असल्यासारखं.

टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. हे करारातलं कपाट नव्हे. चार पाय लिहिलेत, हे तर अडीच दिसतात. सासूबाईंनी वरूनच जाहीर केलं की गेलेला माल त्या परत घेणार नाहीत. मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणी त्यांची मैत्री पुन्हा जुळली. टेलरबाई चहा ठेवते म्हणाल्या. सासूबाई उरलेल्या पायऱ्या उतरून माझ्यापाशी आल्या.

“जावईबापू, तुमची म्हणालात ना? मग संध्याकाळच्या आत उचला. जिना सगळ्यांचा असतो.”

भाव त्यांनी माझ्याकडून तोच घेतला. एक पैसा वाढवला नाही, हे मान्य करायला हवं.

परीक्षकबाई जायच्या आधी फाईलमध्ये बराच वेळ लिहीत होत्या. मी विचारायचं धाडस केलं. त्या म्हणाल्या की कराराला शून्य. कागदपत्रांना शून्यापेक्षा थोडे जास्त, धुळीच्या कलमामुळे. पण व्यवहार पूर्ण झालाय, मालाला मालक मिळालाय, आणि इतक्या वर्षांत जोखीम स्वतःकडे घेणारा विद्यार्थी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. धंदा म्हणून हे चूकच आहे, असंही म्हणाल्या. उत्तीर्ण व्हायला लागतात तितकेच गुण दिले. एक कमी नाही, एक जास्त नाही. मुकादमाचा एक प्रश्न त्यात धरला की नाही, ते मी विचारलं नाही.

तर मी पास झालो. खुर्ची मिळाली. डबा हलवला. परवा एका मोठ्या मालाच्या करारावर मी सही करणार होतो, तेव्हा आधी खाली जाऊन गोदामाच्या हमालांना विचारून आलो. साहेबांना ते फार आवडलं. आंतरराष्ट्रीय दृष्टी म्हणाले.

आमचं घर दोन खोल्यांचं. कपाट आत आलं, नाही असं नाही. फक्त भिंतीला लागून मावेल अशी एकच जागा होती आणि तिथे पलंगावरची माझी बाजू होती. बायकोने तिच्या साड्या लावल्या, मुलांचे स्वेटर लावले, पाहुण्यांच्या चादरी लावल्या. वरचा एक कप्पा तिने मोठ्या मनाने मला दिला. त्यात माझं पदवीचं प्रमाणपत्र आहे. एकटंच, पाय पसरून, ऐसपैस झोपतं.

मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर असतो. आलात तर बेल वाजवू नका, दार माझ्या डोक्यावर उघडतं.