खोका क्रमांक नऊ

पासपोर्ट ‘परदेश’ या फायलीत होता आणि ती फाइल आता विद्यापीठाच्या अभिलेखागारात होती. निवृत्त प्राध्यापकांना हे बुधवारी सकाळी उमगलं, आणि विमान शनिवारचं होतं. लेकीला मुलगी झाली होती, आजीआजोबा पहिल्यांदाच नातीचं तोंड बघायला निघाले होते. बायकोचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होता, म्हणजे चारचौघांचा असतो तिथेच. प्राध्यापक मात्र जन्मभर प्रत्येक कागद विषयवार लावत आले होते, आणि गेल्याच महिन्यात पत्रं, टिपणं, डायऱ्या असे चौदा खोके त्यांनी मोठ्या थाटात विद्यापीठाला दान केले होते.

अभिलेखागाराच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सर, दात्याला स्वतःच्या कागदांना हात लावता येत नाही.”

“हा कुणाच्या डोक्यातून निघालेला नियम?”

“तुमच्याच. समितीवर होतात तेव्हा. ते एक गृहस्थ येऊन आपल्या जुन्या डायऱ्या सुधारून गेले होते ना, तेव्हाचा.”

प्राध्यापकांनी घसा साफ केला. “मग तुम्हीच काढून द्या.”

“ती फाइल खोका नऊमध्ये आहे, आणि तो वैयक्तिक विभागात. तो तुमच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी उघडायचा, असं करारात तुम्हीच लिहिलंय.”

“अहो बाई, विमान शनिवारी आहे!”

बाईंनी करार पुन्हा वाचला. एक पळवाट होती. दात्याची लेखी परवानगी असलेल्या संशोधकाला विभाग बघता येत होता, पण मग अख्खाच्या अख्खा; चुकून आत गेलेली वस्तू तो परतही नेऊ शकत होता. परक्या माणसाने डायऱ्या उघडायच्या ही कल्पनाच प्राध्यापकांना मानवेना. त्यापेक्षा घरचं माणूस बरं, म्हणून त्यांनी बायकोला परवानगी लिहून दिली आणि “फक्त ती फाइल बघायची” असं चारदा बजावलं. अर्जात संशोधनाचा विषय विचारला होता. बायकोने लिहिलं, ‘नवरा’.

संध्याकाळी ती रिकाम्या हाताने आली. “बघतेय,” एवढंच म्हणाली. गुरुवारी जाताना तिने डबा घेतला, चष्मा घेतला आणि पेन्सिलही घेतली.

“पासपोर्ट शोधायला पेन्सिल कशाला लागते?”

“तिथं पेन चालत नाही.”

प्राध्यापकांची झोप उडाली. डायऱ्यांत काय काय लिहिलंय ते धड आठवेना, आणि जे आठवलं त्याने घाम फुटला. सासूबाईंवर तर नक्की चार पानं होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिने पासपोर्ट टेबलावर ठेवला.

“मिळाला एकदाचा!”

“बुधवारीच मिळाला. पाच मिनिटांत.”

“मग तीन दिवस करत काय होतीस?”

“वाचत होते. चाळीस वर्षं संसार केला, पण जेवताना ‘मीठ दे’च्या पुढे तुमची गाडी कधी गेली नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही गच्चीत जाऊन रडलात, हे मला खोक्यातून कळावं?”

“ते... तुझ्या आईबद्दलचं...”

“वाचलं. खोटं नाही त्यात काही.”

प्राध्यापकांचा जीव भांड्यात पडला.

“त्या बाई फार चांगल्या आहेत हो,” बायको डोळे पुसत म्हणाली. “तुमच्याबद्दल मी ताईला लिहिलेली पत्रं त्यांना हवी होती. ताईनं सगळी जपून ठेवलीयेत, दीडशेच्या वर निघाली. आज देऊन आले.”

“पंचवीस वर्षांची अट घातलीस ना?”

“मी कशाला घालू? माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? सोमवारपासून सगळ्यांना खुली.”

प्राध्यापकांनी पासपोर्ट उघडून व्हिसा कधीपर्यंतचा आहे ते पाहिलं.

“अगं,” ते म्हणाले, “परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का गं?”