गेरलिंडेची आत्या

आमच्या शेजारच्या कुमुदताई नाव विचारून थांबत नाहीत. त्या अर्थ विचारतात. पिंपळगावहून टेम्पोतून द्राक्षे आणणाऱ्या भास्करलाही त्यांनी फाटकापाशी अडवले होते.

"भास्कर म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"अर्थबिर्थ नाय माहीत ताई. द्राक्षं लय गोड हायेत."

"भास्कर म्हणजे सूर्य! आणि उगवतोस भर दुपारी!"

तेव्हापासून भास्कर आधी कानोसा घेतो, मग आरोळी देतो.

कुमुदताईंचा अधिकार इथे नीट सांगितला पाहिजे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आणि ती वाकली की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्या इमारतीत कोणाची आत्या येऊ शकली नाही, तर कुमुदताई उभ्या राहतात. अट एकच: "आधी अर्थ, मग पाळणा." एका जोडप्याने इंटरनेटवरून उचललेले नाव त्यांनी ऐन बारशात बदलायला लावले. पेढे मात्र खाल्ले.

त्यांना सख्खा भाऊ एकच, श्रीकांत. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवले. तो जर्मनीत असतो. त्याला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा नाव ठरूनही गेले होते: गेरलिंडे. त्याच्या जर्मन बायकोच्या आजीचे. तिकडेही आता ते सहसा कोणी ठेवत नाही.

"बाई, अर्थ?"

मी शाळेत भूगोल शिकवते. शाळा सुटल्यावर माझ्यात चहा करण्यापुरताच जीव उरतो. तरी रोज संध्याकाळी दारात हाच प्रश्न. शेवटी थकून मी शोध घेतला. जुन्या जर्मन भाषेत 'गेर' म्हणजे भाला, हे निश्चित. 'लिंडे'बद्दल मतभेद आहेत: कोणी कोमल म्हणतात, कोणी लिंडन वृक्षाच्या लाकडाची ढाल.

"भाला? पाळण्यात?"

"आपण दुर्गा नाव ठेवतोच की, ताई."

"ठेवतो. आत्याला विचारून ठेवतो."

मी चहा टाकायला आत गेले.

परवा दुपारी त्यांनी मला हाक मारून बोलावले. समोरच्या टेबलावर मोबाईल होता आणि पडद्यावर श्रीकांत.

"ताई, नाव ठेवलं, पण कानात कोणीच सांगितलेलं नाही. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

त्याने फोन बाळाच्या कानाशी नेला. पडद्यावर अंधार झाला. कुमुदताई वाकल्या.

"कुर्रर्र... गेरलिंडे."

उच्चार इतका स्वच्छ होता, की त्यांनी तो एकटीने किती दिवस घोटला असेल, हे माझ्या लक्षात आले.

"अर्थही ऐकून ठेव. तू कोमल. भाला माझ्याकडे राहू दे."

सांगून झाले, तरी त्या वाकलेल्याच. मला वाटले, कंबर धरली.

"बाई, बघत काय बसलात? घाला की!"

मी हळूच एक धपाटा घातला. त्यांची पाठ एवढी बारीक असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

"जोरात घाला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तिला तिथे ऐकू गेलं पाहिजे."