पोटावरच्या वणांचा ठराव

ताणलेल्या प्रत्येक गोष्टीवर खूण उरते. जाळ्याच्या दोरीवर उरते, शेजाऱ्याच्या स्नेहावर उरते, गरोदर बाईच्या पोटावर तर उरतेच. कितीही ताणा, गुळगुळीत राहतो तो फक्त ठराव.

म्हणूनच १९५८ साली धामापूरच्या अलीकडच्या एका गावातल्या सुधारणा समितीने बायकांच्या पोटावरचे वण हाती घेतले. खताचे खड्डे आणि डास हे विषय संपले होते (डास संपले नव्हते). समितीत पाच पुरुष होते. सरासरी वय अठ्ठावन्न, एकूण बाळंतपणे शून्य. बायकांना विचारावं का, असं चिटणीस गुरुदास मास्तरांनी चाचरत सुचवलं, तेव्हा अध्यक्ष दाजी म्हणाले, "बायकांक कित्याक त्रास? समिती आसा मा."

खाजवल्याने वण पडतात हे दाजींना त्यांच्या आजीकडून ठाऊक होतं. त्यावरून ठराव झाला: गरोदर स्त्रीने खाजवू नये, प्रत्येक खाज नवऱ्याने वहीत नोंदवावी, आणि सुईण आनंदीबाईने भिरंडेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, चोळणं तज्ज्ञांचं मत येईपर्यंत थांबवावं. तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. (समितीतल्या दोघांची नाळ तिनेच कापली होती, पण तो तोंडी पुरावा झाला.)

सुरुवात चिटणिसाच्या घरापासून झाली, कारण जानकीला सातवा महिना होता. मास्तर वही आणि टाक-दौत घेऊन तिच्याजवळ बसू लागले. पहिल्या दिवशी एक्केचाळीस खाजा. दुपारी जास्त, शेजारीण आली की कमी. ठराव मोडावा तर दाजींची शाळाखात्यात ओळख होती, आणि वैभववाडीला एका मास्तराची जागा रिकामी होती. बाळंतपणाच्या वेळी आपण तिकडे घाटाच्या पायथ्याशी आणि जानकी इथे, या विचाराने मास्तरांची अक्षरं वाकडी येऊ लागली.

चौथ्या दुपारी जानकीचे डोळे भरून आले. पोटाची कातडी नगाऱ्यासारखी ताणली होती.

"लिवन झाला?" ती म्हणाली. "मगे तो टाक थंय ठेवा नि भिरंडेल घेवा. खाज पोटार आसा, वहीत नाय."

मास्तरांनी दाराला कडी घातली, भिरंडेलाचा गोळा निखाऱ्यावर पातळ केला आणि हलक्या हाताने चोळला. मग वहीत खरं तेच लिहिलं: आज दुपारनंतर खाज शून्य.

शून्य पाहून दाजींनी निष्कर्ष काढला, की खाज नोंदवली की थांबते. गावात आणखी अकरा वह्या वाटल्या गेल्या. जानकीला मुलगी झाली, वण पडायचे ते पडले, आणि समितीने मास्तरांचा सत्कार ठेवला.

हार घालायला दाजींनी दोन्ही हात उंच केले. सदरा वर सरकला. मुंबईच्या खाणावळीत तीस वर्षं वाढवलेल्या पोटावर पांढऱ्या वणांची रांग दिसली.

"आनंदीबाय," जानकीने पुढच्या ओळीतून विचारलं, "दाजी कधी बाळंत झाले गो?"

"माका तर बोलवूक नाय," आनंदीबाई म्हणाली.

सभा हसत होती तेवढ्यात मास्तर हारासकट उभे राहिले. "शून्य वहीमुळे आलं नाही," ते म्हणाले, "मी घरी भिरंडेल चोळत होतो. वण जातात की नाही, मला माहीत नाही. खाज जाते."

दाजींनी सदरा खाली ओढून धरला. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "गुरुदास, खाज जाता खरी?"

बंदी त्याच सभेत उठली. बदलीचा विषयही निघाला नाही. पुरुषांच्या पोटाला खाज सुटली की तज्ज्ञांच्या मताची वाट पाहावी लागत नाही, हे समितीने एकमताने मान्य केलं.

हा विषय बायकांचा म्हणून इथवर मजेत वाचत आलेल्या वाचकांनी आता सदरा खाली ओढून घ्यावा.