सोळा गज, चार घोड्या

भाऊसाहेबांनी मागणीपत्र तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा गाण्याच्या बाई ते समोर ठेवून नुसत्याच बघत बसल्या. तीन शब्दांभोवती लाल शाईची वर्तुळं होती आणि समासात मोत्यासारख्या अक्षरात शेरा होता : "परकीय शब्द. मराठी प्रतिशब्द द्यावेत, मग विचार होईल." वर्तुळात अडकलेले शब्द होते बो, ब्रिज आणि रोझिन.

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे हेडक्लार्क. अर्थात त्यांना हेडक्लार्क म्हटलेलं चालत नसे, दारावर 'मुख्य लिपिक' अशी पाटी होती. माणूस सरळ, कामाला वाघ, पण शब्दाच्या बाबतीत भलताच कडक. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाही "म्हणजे काय?" असं विचारलं नव्हतं. शब्द मराठी असला की तो आपल्याला येतोच, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि आजवर तिला कुठे धक्का लागला नव्हता.

बाईंना भांडायला वेळ नव्हता. त्यांच्या हातात होते तीन दिवस आणि पणाला लागली होती खोली क्रमांक नऊ. बारा वर्षं त्या या खोलीत गाणं शिकवत होत्या. यंदा मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, ती मोडकी बाकं ठेवायला मागितली होती. बाईंनी रदबदली केली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि शेवटी मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. तुमचं ते व्हायोलिनचं शिबिर होऊ दे. शनिवारी पालकांसमोर कार्यक्रम करा. माणसांना ऐकवेल असं काही निघालं तर खोली तुमची. नाही तर सोमवारी बाकं आत."

शिबिर घ्यायला येणार होते दोन नामांकित वादक, सख्खे भाऊ-बहीण. मोठ्या वाद्यवृंदात पुढच्या रांगेत बसणारे. सगळे त्यांना दादा आणि ताई म्हणत. त्यांच्या क्लासातली सोळा लहानमोठी व्हायोलिनं मुलांना वापरायला मिळणार होती. फक्त त्यांच्या कांड्या, म्हणजे तारांवर घासून वाजवायचे ते बो, निकामी झाले होते. ते शाळेनं आणायचे, एवढंच ठरलं होतं.

बाईंनी ताईंना फोन लावला. "अहो, 'बो'ला मराठीत काय म्हणतात?"

"आमचे गुरुजी गज म्हणायचे," ताई म्हणाल्या. "तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजला घोडी. आणि गजाला फासायचं रोझिन म्हणजे राळ. का हो?"

"काही नाही. आमच्याकडे व्हायोलिनच्या आधी भाषेची परीक्षा असते."

बाईंनी चौथं मागणीपत्र लिहिलं. व्हायोलिनं मुलांच्या उंचीप्रमाणे पूर्ण, पाऊण आणि अर्ध्या मापाची होती, त्यामुळे यादी झाली ती अशी : गज, पूर्ण दोन, पाऊण सहा, अर्धे आठ. घोड्या, जास्तीच्या, चार. राळ, सोळा वड्या. तासाभरात कागद मंजूर होऊन आला. खाली भाऊसाहेबांनी स्वतःहून लिहिलं होतं, "उत्तम मराठी. असेच लिहीत जावे." बाई खूश झाल्या. तिथंच त्या फसल्या.

गुरुवारी सकाळी सोळा मुलं व्हायोलिनं गळ्याशी धरून नऊ नंबरच्या खोलीत बसली होती. खाली अंगणात हातगाडी थांबल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं दारात काहीतरी जड ठेवल्याचा. भाऊसाहेब आत आले आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं.

दादांनी आत वाकून पाहिलं. "हे काय आहे?"

"गज," भाऊसाहेब म्हणाले. "दोन पूर्ण, सहा पाऊण, आठ अर्धे. आपल्या खिडकीचं माप घेऊन कापून आणलेत. गंज चढू नये म्हणून तेलाचा हातही फिरवलाय."

"खिडकीचे गज?"

"मग आणखी कसले असतात?"

"व्हायोलिनचे असतात," ताई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी जवळच्या मुलीच्या हातातलं व्हायोलिन पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "याला खिडकी कुठंय?"

तेवढ्यात हातगाडीवाल्यानं चार घोड्या आत आणल्या. रंगारी भिंत रंगवायला ज्यावर चढतात, त्या. माणूसभर उंचीच्या, लाकडी, मजबूत. राळेच्या सोळा वड्या मात्र अगदी बरोबर आल्या होत्या. फक्त त्या ज्याला फासायच्या ते काहीच आलं नव्हतं.

दादांनी स्वतःचा बो काढून भाऊसाहेबांसमोर धरला. भाऊसाहेबांनी तो न्याहाळला. मग पोत्याकडे पाहिलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"परत करून टाकू ना," बाई म्हणाल्या.

"कापलेलं लोखंड दुकानदार परत घेत नाही."

"मग नवीन मागणी करू."

"कशाची? गजांची? नोंदवहीत सोळा गज मिळाल्याची माझी सही आहे. मिळालेली वस्तू मिळाली नाही, असं कसं लिहू?" भाऊसाहेबांचा आवाज खाली आला. "मोठ्या बाईंना सांगावं लागेल. चूक माझी आहे, मी सांगतो."

ते खरंच निघाले. बाईंनी त्यांना दारातच गाठलं. "थांबा. तुम्ही आत्ता सांगितलंत तर त्या सोमवारची वाट बघणार नाहीत. बाकं आजच चढतील वर."

भाऊसाहेब थांबले. बारा वर्षांत या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. ताईंनी वाद्यांच्या दुकानात फोन करून पाहिला, तर लहान मापाचे बो मागवावे लागतील, दहा दिवस धरा, असं उत्तर मिळालं.

आता खोलीत मोजून दोन बो होते, एक दादांचा, एक ताईंचा. मुलांनी आळीपाळीनं ओढायचे असं ठरलं. पहिल्या मुलानं बो तारेवर ठेवला आणि ओढला. जो आवाज निघाला त्यानं खिडकीतली कबुतरं उडाली. दुसऱ्या मुलीनं तर तो आणखी मन लावून काढला. आठव्या मुलापर्यंत दादांनी कानांवर हात ठेवायचं सोडून दिलं होतं, कारण काही फरक पडत नव्हता.

नऊ नंबरच्या बरोबर खाली मोठ्या बाईंची खोली. त्या जिना चढून वर आल्या. "बाई, सुतार आलाय का?"

"नाही हो, शिबिर सुरू झालंय."

मोठ्या बाईंनी घोड्यांकडे पाहिलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. "हा आवाज पुन्हा ऐकू आला, तर शनिवारपर्यंत थांबायची नाही मी," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

दादा मटकन बाकावर बसले. "माझा पहिला सूर नीट लागायला आठ महिने लागले होते. तीन दिवसांत काय करणार मी?"

"मग शिबिराला हो कशाला म्हणालास?" ताई म्हणाल्या.

"मी कुठे म्हणालो? तूच म्हणालीस."

"मी म्हणाले कारण तू मान हलवलीस."

"ती माशी बसली होती म्हणून हलवली."

भाऊ-बहिणीचं असं रंगात आलं असताना मुलं कंटाळली. हातात व्हायोलिन, बो नाही. मग करायचं काय? कुणीतरी बोटानं तार छेडली. शेजारणीनं छेडली. बघता बघता सोळाही जण टुण्टुण् करायला लागले. ताई वाक्य अर्धवट टाकून वळल्या. मिनिटभर त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"दादा, खाली काही ऐकू जातंय का बघ."

दादा जिन्यात जाऊन आले. "काही नाही. आणि खरं सांगू? बरं वाटतंय कानाला."

बो पेटीत गेले. ताईंनी फळ्यावर एक छोटीशी चाल लिहिली, चार ओळींची, फक्त बोटांनी वाजवायची. शुक्रवारी दुपारपर्यंत मुलांना ती येऊ लागली होती. चुका व्हायच्या, पण कुणाचं डोकं उठत नव्हतं. एकच अडचण उरली. सभागृह मोठं, पालक दोनशे. बोटांनी छेडलेली तार तिसऱ्या रांगेतही पोचली नसती. खाली आधाराला काहीतरी दणदणीत हवं होतं.

भाऊसाहेब त्या वेळी गज कोठीत हलवत होते. पुरावा नजरेआड असलेला बरा, हा त्यामागचा विचार. तेलाचा हात जरा जास्तच फिरला होता, त्यामुळे दारातच एक पूर्ण गज निसटला आणि फरशीवर पडला. खणखणीत, गोल आवाज घुमत गेला.

दादा धावत बाहेर आले. "परत पाडा."

"चुकून पडला हो."

"मग परत चुकून पाडा."

अर्ध्या तासात सभागृहात, मोठ्या बाईंच्या कानांपासून दूर, चारही घोड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामध्ये दोरीनं गज टांगले गेले. पूर्ण गजाचा आवाज जाड, पाऊणाचा मधला, अर्ध्याचा घंटीसारखा बारीक. आता सूर जुळवायचे. लोखंड काही कुणाचं ऐकणार नव्हतं, तेव्हा व्हायोलिनांनीच पडतं घेतलं. दादा एकेक खुंटी पिळत बसले. "बावीस वर्षं वाजवतोय," ते पुटपुटले, "पण खिडकीशी व्हायोलिन पहिल्यांदाच जुळवतोय."

"हे वाजवणार कोण?" बाईंनी विचारलं.

"कुणीही वाजवा," भाऊसाहेब म्हणाले, "पण साठ्यातली वस्तू आहे, माझ्या देखरेखीशिवाय हलायची नाही. मी शेजारी उभा राहणार."

"उभे राहणारच आहात," ताई म्हणाल्या, "तर हातात हातोडी धरा."

भाऊसाहेबांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग तासभर सरावही केला. ठोके कधी द्यायचे याचा त्यांनी तक्ता आखला, अनुक्रमांक, गजाचा प्रकार, आणि प्रत्येक ठोक्यापुढे बरोबरची खूण करायला एक रकाना. ते सारखे घाई करत.

"जरा दमानं, भाऊसाहेब," ताई म्हणाल्या.

"माझं काम कधी उशिरा झालेलं नाही."

"लवकरही करायचं नाहीये."

शनिवारी सभागृह भरलं. गुरुवारच्या आवाजाची कीर्ती मुलांनी घरोघरी पोचवली होती. एका आईनं धाकट्याच्या कानात कापूस घालूनच आणला होता, आणि मागच्या रांगेतले बरेच बाप दाराजवळच्या खुर्च्या धरून बसले होते. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. पडदा सरकला. रंगाऱ्यांच्या घोड्या, लोंबणारं लोखंड आणि कोट घातलेले भाऊसाहेब पाहून लोकांत कुजबुज झाली.

भाऊसाहेबांनी पहिला ठोका दिला. कुजबुज थांबली. दुसऱ्या ठोक्यावर सोळा व्हायोलिनं सुरू झाली, टपोरी, स्वच्छ, एकसाथ. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. धाकट्यानं कानातला कापूस स्वतःच उपसून काढला. बाई पडद्याआड उभ्या राहून ओठांनी मात्रा मोजत होत्या.

तिसऱ्या ओळीत मधल्या रांगेचा हिशेब चुकला. एकजण पुढे गेला, एकीनं मागचं धरलं, तिसऱ्यानं दोघांकडे पाहून हात काढून घेतला. गोंधळ रांगेरांगेनं पसरला आणि एकेक व्हायोलिन गप्प होत गेलं. दादांनी डोळे मिटले. बाईंना नऊ नंबरच्या दारातून आत जाणारी बाकं दिसायला लागली.

भाऊसाहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांची नजर तक्त्यावर होती. तक्त्यात लिहिलं होतं, अनुक्रमांक सतरा, पूर्ण. त्यांनी पूर्ण गज वाजवला आणि खूण केली. अठरा, पाऊण. खूण. एकोणीस, अर्धा. खूण. सगळं सभागृह चिडीचूप आणि त्यात हा माणूस एकटाच, टेबलाशी बसून शिक्के मारावेत तसा, ठोक्यामागून ठोका देत होता. एकविसाव्याला पुढच्या रांगेतल्या मुलीला आपली जागा सापडली. बाविसाव्याला आणखी पाच जणांना. पंचविसाव्या ठोक्याला सोळाही व्हायोलिनं परत आली, आणि यावेळी मुलांना भीती म्हणून राहिली नव्हती. चौथी ओळ त्यांनी अशी वाजवली की दाराजवळचे बाप उठून उभे राहिले, आणि बाहेर नाही गेले.

टाळ्या थांबेनात. मोठ्या बाई मंचावर चढल्या. "नऊ नंबर गाण्याचीच," त्या माइकवर म्हणाल्या. "बाकांचं मी बघते काहीतरी." बाई पडद्याआडून बाहेर आल्या आणि दोनशे लोकांसमोर चक्क रडल्या.

"पण हे गजाचं डोकं कुणाचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. गप्प राहिले असते तर शाबासकी पदरात पडली असती. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"चूक झाली, बाई. यांना व्हायोलिनचे गज हवे होते. मी खिडकीचे आणले. मला अर्थ येत नव्हता आणि मी विचारलं नाही."

माइक चालूच होता. सभागृहात हशा पिकला. मोठ्या बाईंनी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही.

"मग ती चूक पुन्हा एकदा ऐकवा," त्या म्हणाल्या.

मुलांनी पुन्हा वाजवलं. लोकांनी आणखी एकदा मागितलं, आणखी एकदा झालं. मुलांना एवढी एकच चाल येत होती, पण कुणाची तक्रार नव्हती. तिसऱ्या वेळी शेवटचा, अनुक्रमांक बत्तीसचा ठोका पडला. खूण झाली, तक्ता संपला. भाऊसाहेबांनी तो घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि बारक्या गजावर एक ठोका स्वतःच्या मनानं दिला.

ताईंनी वळून पाहिलं. भाऊसाहेबांनी आणखी एक दिला.